चौथा कोपरा

प्रिय टाचणी,

सकाळी फोनवर मी एवढंच म्हणालो की सोमवारी तुझ्या वर्गातल्या मुलांना पोटमाळ्यावर पाठवू नकोस आणि त्याच्या खाली झोपवूही नकोस. तू विचारलंस, का? मग तू म्हणालीस, “तोंडात गुळणी धरलीयेस का दादा, बोल की!” आणि मी फोन ठेवून दिला. मग तुझा निरोप आला की कारण कळलं तर थांबेन, नाहीतर सुट्टी संपली, सोमवारी शाळा सुरू आणि पोटमाळाही सुरू, पंधरा जणांच्या आयांना मी काय सांगू, माझ्या भावाला स्वप्न पडलं म्हणून? तुझं बरोबर आहे. कारण द्यायलाच हवं. फोनवर मला ते जमणार नव्हतं, कारण तू मधे बोलतेस आणि तू मधे बोललीस की मला सोयीचं तेवढंच सांगून मी सुटतो. हे लहानपणापासून चाललंय. म्हणून लिहितोय. दूधवाला उद्या सकाळी तुझ्या बाजूला जातो, त्याच्या हाती देईन. शनिवारी दुपारच्या आत तुला मिळेल. शेवटपर्यंत वाच आणि मगच काय ते ठरव.

तू मागच्या आठवड्यात बाबांचा सुतारकामाचा गुण्या मागितलास. तुझ्या वर्गाच्या भिंतीवर लावायचा, खाली “काटकोन” असं लिहायचं, म्हणजे मुलांना रोज दिसेल. तो मी पाठवत नाहीये. त्याचं कारण आणि पोटमाळ्याचं कारण एकच आहे.

तुला आठवतं, बाबांनी आपल्याला नावं कशी दिली? मी सहावीत होतो. माझं भूमितीचं पुस्तक त्यांनी जेवणानंतर चाळलं आणि त्यांना फार मजा वाटली. ते म्हणाले, च्यायला, आम्ही आयुष्यभर हेच कापतोय आणि त्याला इतकी नावं आहेत होय! दुसऱ्या दिवसापासून मी काटकोन झालो, काठी गिळल्यासारखा बसतो म्हणून. तू लघुकोन, मग लघुकोनाचं टोक टोचतं म्हणून टाचणी. आई विशालकोन, कारण ती बसली की ऐसपैस बसते. आईने लगेच उलट सुनावलं होतं, “आणि तुम्ही? जेवण झालं की सरळकोन, चार वाजेपर्यंत!” ते नाव त्यांना पक्कं चिकटलं. दुपारी कुणी गिऱ्हाईक आलं की तूच दारात जाऊन सांगायचीस, बाबा सरळकोनात आहेत.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी मला कारखान्याच्या जमिनीवर दोरी, खिळा आणि खडू घेऊन काटकोन काढायला शिकवला. रेघेवर एक खूण. खुणेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन खिळे. प्रत्येक खिळ्यावरून दोरीने एक कंस. कंस जिथे भेटतात तिथून खुणेपर्यंत रेघ. मग तोच कोन पुन्हा दोरीने अर्धा केला, पंचेचाळीस. सगळं माझ्या पुस्तकात होतंच, पण पुस्तकात ते गुळगुळीत होतं आणि इथे खडूची भुकटी गुडघ्याला लागत होती. ते म्हणाले, गुण्या हरवला तरी सुताराने घाबरायचं नाही, काटकोन दोरीत असतो. मात्र एक सांगितलं ते मला बाबा गेल्यापासूनच्या या दोन महिन्यांत फार आठवलं. कोन दुभागताना दोरी विचारत नाही की मुळातला कोन खरा आहे का. तू चुकीचा कोन दिलास तर ती त्याचे अगदी सारखे दोन तुकडे करून देईल. दोघेही चुकीचे, आणि दिसायला जुळे.

गुण्या ते कुणाला हात लावू देत नसत. दात घासायचा ब्रश आणि गुण्या माणसाने स्वतःचाच वापरावा, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याची रोजची परीक्षा तुला माहीत आहे. चहाच्या आधी खिडकीजवळच्या फळीवर गुण्या टेकवायचा, एक रेघ. मग गुण्या उलटा करून त्याच खुणेवर दुसरी रेघ. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी गुण्याची चूक. खाली तारीख. मग फुंकर, एक “हं”, आणि चहा. चाळीस वर्षं हे असंच. फळी भरली की ती मागे रचून ठेवायची आणि नवी घ्यायची. आई म्हणायची, देवाला नाही एवढं या फळीला बघतात.

बाबा गेल्यावर सगळे आपापल्या घरी परतले, तूही गेलीस, आणि मी रोज शाळेतून आलो की कारखान्यात जाऊन बसायला लागलो. करायला काही नव्हतं. पटाश्या पुसून ठेवल्या, रंध्यांना तेल लावलं. मग तो जिना, बाबांनी मागच्या वर्षी नवा केलेला. तिसरी पायरी जिथून सुटली होती ती जागा मी बरेच दिवस बघितलीच नाही. डॉक्टर म्हणाले होते चक्कर आली असेल, या वयात येते. शेजारचा शिंपी म्हणाला, सुतार आपल्याच जिन्यावरून पडतो म्हणजे चक्करच. सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

तीन आठवड्यांपूर्वी ती पायरी हातात घेतली. पायरीची टोकं बाजूच्या फळ्यांतल्या खाचांमध्ये बसलेली असतात, हे तुला ठाऊक आहे. घासल्याच्या खुणा पूर्ण टोकावर हव्या होत्या. त्या फक्त दोन कोपऱ्यांवर होत्या, डावीकडे पुढचा आणि उजवीकडे मागचा. म्हणजे ती पायरी वर्षभर दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तरंगत होती, आणि उरलेल्या फटीत भुसा आणि सरस भरलेला होता. मग लक्षात आलं. एका फळीवर गुण्या सुलटा ठेवून खुणा केल्या जातात आणि समोरच्या फळीवर उलटा ठेवून. गुण्या खरा असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर एक खाच इकडे कलते, दुसरी तिकडे.

मी खिळ्यावरून गुण्या काढला. शाळेतला मोठा लाकडी कंपास घरी आणला, आणि बाबांनी शिकवला तसा एक काटकोन फळीवर काढला. कंस, कंस, रेघ. त्याला गुण्या लावला. आई दारात उभी होती. म्हणाली, “काय रे सारखं मोजत असतोस? माणूस गेलं, कोपरे मोजून परत येणारंय का?” मी फळी उजेडाकडे वळवली. वीतभर रेघेच्या टोकाशी उजेडाची एक चीर दिसत होती. नंतर मी बाबांची परीक्षा केली. एक रेघ, उलटा करून दुसरी. वीतभर अंतरावर दोन रेघांमध्ये काडेपेटीतली काडी मावली.

मागे रचलेल्या फळ्या मी एकेक करून उजेडात नेल्या. वर्षानुवर्षांच्या रेघा, सगळ्या एकजीव, जणू एकदाच ओढलेल्या. आणि मग अडीच वर्षांपूर्वीच्या फळीवर एक गुरुवार येतो. त्या गुरुवारपासून प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा तळाशी एकत्र आणि वर फाकलेल्या. अगदी अरुंद लघुकोन, एकापुढे एक, शेकड्यांनी. खाली बाबांच्या अक्षरात तारखा. एकही दिवस चुकलेला नाही. ते रोज तपासत होते, टाचणी. रोज त्यांनी स्वतःच्या हाताने चूक काढून ठेवली, तिच्याखाली तारीख घातली आणि चहा प्यायला आले.

ते का, हे मला त्यांच्या जुन्या कोटाच्या खिशात सापडलं. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पुढे गेलेला, शस्त्रक्रिया करावी. चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची. घडी इतक्या वेळा उघडलेली की मधे फाटलीय. आईलाही माहीत नव्हतं. आता आठवून बघ, ते वर्तमानपत्र मला वाचायला सांगायचे, म्हणायचे, तू मास्तर आहेस, जरा मोठ्याने वाच, माझी करमणूक होते. आणि पेन्सिल जाड वापरायला लागले होते. त्या जाड रेघा त्यांना एकच दिसत असणार.

आता तुझ्या पोटमाळ्याकडे येतो. तो त्यांनी बांधला तेव्हा त्या गुरुवारला सहा महिने झाले होते. त्या कामात त्यांनी ओळंबा लावलेला मी पाहिला नाही. त्याची बारीक दोरी दिसत नसावी. सगळं गुण्यावर. चौकटीचा पहिला कोपरा दरवाज्याजवळचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि खिडकीजवळचा चौथा शेवटी. मी त्या दिवशी तिथे होतो, तुळई धरायला. पहिले तीन कोपरे त्यांनी ऐटीत बसवले. चौथा काही केल्या मिटेना. त्यांनी दोनदा तुळई काढली, दोनदा ठोकली. मग लाकडाला शिव्या घातल्या, म्हणाले, पीळ आहे मेल्याला, आणि फटीत एक पाचर ठोकून दिली. तू खालून ओरडली होतीस, “बाबा, तुमच्या कामात पाचर? जगबुडी होणार!” ते हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी गणिताचा मास्तर. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज तीनशे साठ भरावीच लागते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. तीन कोपरे जरा जरा कमी झाले, तर तिन्हींचं राहिलेलं चौथ्याच्या अंगावर जातं. तो विशालकोन होणारच. लाकडाला कसलाही पीळ नव्हता. मी तिथे तुळई खांद्यावर घेऊन उभा होतो आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही.

तुझं मागच्या गुरुवारचं पत्र मी तीन वेळा वाचलंय. तू लिहिलंयस की पोटमाळा हल्ली कुरकुरतो, आणि मुलं म्हणतात आजोबा बोलतायत. तू लिहिलंयस, आधी मुलं वर चढली की बोलायचे, आता सकाळी मी कुलूप उघडते तेव्हाही बोलतात, रिकाम्या खोलीत, मला बरं वाटतं. तू लिहिलंयस की खिडकीच्या कठड्यावर रोज चिमूटभर भुसा पडलेला असतो, उंदीर असेल. आणि खिडकी आता पूर्ण मिटत नाही, वरच्या कोपऱ्यात अडते. आणि सुट्टीत तू पुस्तकांची सात खोकी वर चढवून घेतलीस, वाचनाच्या कोपऱ्यासाठी, खिडकीकडच्या बाजूला, कारण तिथे उजेड चांगला.

ते उंदीर नाहीत. पाचर झिजतेय. मागच्या अडीच वर्षांत बाबांनी जे जे केलं त्याची मी यादी केली आणि घरोघर जाऊन आलो. शिंप्याचं टेबल, दवाखान्याचा बाक, आमच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट. ती फक्त हलतात. शिंप्याने एका पायाखाली पुठ्ठा घातलाय आणि मला म्हणाला, तुझ्या बापाचं एवढंच एक काम डुगडुगतं, बाकी सगळं दगड. या सगळ्यांत माणसांच्या डोक्यावर उभा असलेला एक तुझा पोटमाळाच आहे, आणि त्याच्या खाली जेवणानंतर तुझी मुलं चटया टाकून झोपतात. खिडकीजवळ त्या दोघी जुळ्या, कारण त्यांना वाऱ्याशिवाय झोप येत नाही. हेही तूच लिहिलंयस.

तर हे कर. खोलीला कुलूप लाव. खोकी उतरवायला वर चढू नकोस, कुणाला चढवू नकोस. पाचरीला हात लावायचा नाही, आत ठोकायची नाही, बाहेर काढायची नाही. आयांना सांग की सुताराच्या मुलाने चूक शोधली आहे, हे खरंच आहे. मी इथल्या एका गवंड्याशी बोललोय, त्याच्याकडे लोखंडी टेकू आहेत. रविवारी आम्ही दोघं येतो. आधी टेकू, मग खोकी, मग पोटमाळा पूर्ण उतरवायचा. तुला वाईट वाटेल. त्यांचं शेवटचं मोठं काम आहे ते.

इथपर्यंत लिहून पत्र संपवता आलं असतं. तू थांबली असतीस, मुलं वाचली असती, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, म्हातारपण, डोळे, काय करणार. काल रात्री मी तेवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. आज सकाळी, दूधवाला यायच्या आत, फोडलं.

बाबा गेले त्या सकाळी तू त्यांना फोन केला होतास. कारखाना बंद करा, माझ्याकडे राहायला या, असं म्हणालीस. ते चिडले, तूही चिडलीस, आणि तुझ्या तोंडून गेलं की तुमचे हात आता थरथरतात बाबा, तुमच्या कामाने एक दिवस कुणाला तरी लागेल. दुपारी ते जिन्याखाली सापडले. आईने आधी लांबून पाहिलं तेव्हा तिला वाटलं, जमिनीवरच लवंडलेत, आजचा सरळकोन लवकर झाला. ती आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली. त्या संध्याकाळी तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, “दादा, माझ्यामुळे. डोकं फिरवून दिलं मी त्यांचं, त्याच तिरीमिरीत चढले असतील.” मी म्हणालो, असं काही नसतं. एवढंच म्हणालो. दोन महिने तू हे घेऊन जगतेयस. तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ते एका ओळीत असतं आणि मी प्रत्येक उत्तरात ती ओळ वाचलीच नाही असं करतो.

तो गुरुवार मला फळीवर शोधावा लागला नाही. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, माझ्या वर्गात कोनांचे प्रकार होते. शाळेच्या गुण्याचं टोक तुटलेलं, आणि बाबा जेवून झोपलेले. मी त्यांचा गुण्या खिळ्यावरून काढून शाळेत नेला, न विचारता, पहिल्यांदाच. मुलांना दाखवून झाला, टेबलाच्या कडेवर ठेवला आणि वळताना माझाच हात लागला. दगडी फरशीवर तो कोपऱ्यावर आपटला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी उचलून भिंतीच्या कोपऱ्याला लावून पाहिला, ठीक वाटला. बाबा उठायच्या आत तो खिळ्यावर परत होता. बोललो नाही. मला वाटलं, उद्या सकाळी ते तपासतीलच, बिघडला असला तर कळेल, मग सांगू. सकाळी मी दात घासत अंगणात उभा राहिलो. त्यांनी रेघ ओढली, गुण्या उलटा केला, दुसरी रेघ ओढली, फुंकर मारली, “हं” म्हणाले आणि चहाला आले. मी सुटलो असं मला वाटलं. फळी माझ्यापासून चार पावलांवर होती. मी जाऊन बघितली नाही. बाबा तुझ्या फोनमुळे पडले नाहीत, टाचणी. त्यांना चक्करही आली नव्हती. पायरी सुटली. ती माझ्यामुळे सुटली, आणि तुला वाटत राहिलं की तुझ्यामुळे, आणि मी तसं वाटू दिलं. आईला अजून सांगितलेलं नाही. आज हे पाकीट दूधवाल्याच्या हाती दिलं की तिच्यासमोर बसणार आहे. गुण्याऐवजी त्या गुरुवारच्या फळीचा तुकडा कापून पाकिटाबरोबर बांधतोय. दोन रेघा आहेत, खाली बाबांची तारीख आहे, काडी ठेवून बघ. रविवारी सकाळी नऊला गवंडी आणि मी तुझ्या दारात असू. गवंड्याला आत घे. मला घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
दादा